पोलादपूरचा कातळ आणि सागरी शैवाल : प्राचीन उष्ण युगांच्या शोधाचा आढावा

पोलादपुराहून महाबळेश्वराकडे जाणाऱ्या आंबेनळी घाटात रस्त्यासाठी डोंगर जेथे जेथे तासला आहे, तेथे तेथे काळ्या कातळाचे थर एकावर एक बसलेले दिसतात, आणि त्या थरांच्या सांध्यांतून कोठे वीतभर तर कोठे हातभर जाडीची, विटकरी रंगाची, नखाने खरवडली तर भुगा होणारी एक पट्टी आडवी गेलेली आढळते. एका लाव्ह्याचा पृष्ठभाग ऊनपावसाने कुजून त्याची माती व्हावी आणि त्या मातीवर पुढचा लाव्हा येऊन पसरावा, असा क्रम या डोंगरांच्या घडणीत पुनःपुन्हा घडला, त्याची ही तांबडी पट्टी म्हणजे प्रत्यक्ष खूण होय. गंधारपाल्याची लेणी ज्या पाषाणात कोरली, रायगडाचे आणि प्रतापगडाचे कडे ज्या पाषाणाचे, तो हाच पाषाण. त्यामुळे महाड-पोलादपूरच्या रहिवाशाला त्याचे नवल वाटू नये हे स्वाभाविक आहे. परंतु ज्या प्रश्नाचा आढावा येथे घ्यावयाचा आहे, त्याच्या जागतिक वाङ्मयात ‘पोलादपूर’ आणि ‘आंबेनळी’ ही दोन नावे आज वारंवार येतात, आणि ती ज्या मुलखाची आहेत त्या मुलखात मात्र त्या चर्चेची वार्ता फारशी पोहोचलेली नाही.

ही नावे भूशास्त्रात रूढ झाली ती १९८५ च्या सुमारास. कॉक्स आणि हॉक्सवर्थ या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी महाबळेश्वरच्या डोंगररांगेतील लाव्ह्यांचे रासायनिक पृथक्करण करून असे दाखवून दिले की, डोळ्यांना सारखाच काळा दिसणारा हा कातळ घटकद्रव्यांच्या दृष्टीने एकजिनसी नाही. तळाकडचे लाव्हे वर येताना भूकवचाचे जुने खडक वितळवून त्यांचा अंश आपल्यात घेऊन आले. त्यांच्या वरचे लाव्हे त्या मानाने निर्भेळ राहिले. आणि माथ्याकडच्या लाव्ह्यांचा वाण पुन्हा वेगळा पडला. या तीन गटांना त्यांनी अनुक्रमे पोलादपूर, आंबेनळी आणि महाबळेश्वर शैलसमूह अशी नावे दिली. पोलादपूर समूहाच्या खाली बुशे नावाचा समूह येतो. वाचकाने ही उतरंड ध्यानात ठेवावी, कारण पुढील साऱ्या वादाचा मुद्दा या उतरंडीतील एका रेषेवर येऊन ठेपतो.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, भरतखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेस असताना, हा लाव्हा बाहेर पडला. आज शिल्लक राहिलेला त्याचा विस्तारच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरतो. लाव्ह्याबरोबर कर्बद्विप्राणिद वायू आणि गंधकाची धूम्रे वातावरणात मिसळली असणार, हे आजच्या ज्वालामुखींवरून उघड आहे. मग पृथ्वी तापली काय? तापली तर किती अंशांनी आणि केव्हा? आणि त्याच सुमारास डायनोसॉरांसह जीवसृष्टीचा जो संहार झाला, त्याच्याशी या तापण्याचा संबंध किती आणि मेक्सिकोतील चिक्शुलुब येथे कोसळलेल्या अशनीचा किती? आंबेनळीच्या कातळाला हे विचारून उपयोग होत नाही. तो आपली जन्मतारीख सांगू शकतो, आपली घटना सांगू शकतो. पण आपल्या जन्मामुळे जगाचे तापमान किती चढले याची नोंद त्याच्यापाशी नाही. ती नोंद समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळात आहे, आणि ती ठेवणारे लेखक बहुतांशी सागरी शैवाल आहेत.

शैवाल म्हटले की तळ्याच्या पायऱ्यांवरचे हिरवे बुळबुळीत शेवाळ आपल्या डोळ्यांपुढे येते. समुद्राच्या वरच्या, सूर्यप्रकाशित थरात तरंगणाऱ्या ज्या शैवालांची येथे गोष्ट आहे ती एकपेशीय असतात, आणि त्यांतील एक मोठे कुल आपल्या देहाभोवती चुन्याच्या वाटोळ्या तबकड्यांचे चिलखत रचते. या तबकड्यांना कॉकोलिथ असे नाव आहे. एकेक तबकडी मिलीमीटरच्या हजाराव्या हिश्शाच्या दोन ते दहा पट एवढीच. एरेनबर्ग या जर्मन सूक्ष्मदर्शकाराने १८३६ साली त्या खडूच्या पाषाणात प्रथम पाहिल्या आणि त्यांना निर्जीव स्फटिक मानले. त्या सजीवांच्या आहेत हे सॉर्बी या इंग्रज शास्त्रज्ञाने १८६१ साली ओळखले. त्या पाहण्याची रीत आजही विलक्षण साधी आहे. सागरतळाच्या गाळाचा कणभर अंश दात कोरायच्या काडीने काचपट्टीवर थेंबभर पाण्यात पसरावा, वाळू द्यावा, वर पातळ काच चिकटवावी आणि ध्रुवित प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली धरावा. काळ्याभोर क्षेत्रात शेकडो लखलखती वर्तुळे उजळून उठतात, आणि त्या प्रत्येक वर्तुळावर एक काळी फुली उमटलेली असते. फुलीच्या हातांचा बाक, कडेची रुंदी, मधल्या छिद्राचा आकार यांवरून अभ्यासक जातीचे नाव सांगतो, आणि जातीवरून बहुधा काळही सांगतो. १९५४ मध्ये ब्रॅमलेट आणि रीडेल यांनी या तबकड्यांचा कालनिश्चितीसाठी होणारा उपयोग विद्वानांच्या नजरेस आणून दिला, आणि तेव्हापासून सागरी गाळाच्या कालगणनेचे एक प्रमुख साधन म्हणून त्यांना मान्यता आहे.

काळ कळला, आता हवामान कसे कळावे? पहिला मार्ग जातींच्या जमावाचा. काही जाती उष्ण समुद्रांत सुखाने नांदतात, काही थंड पाण्याला चिकटून राहतात. क्रिटेशस काळाच्या, म्हणजे डायनोसॉरांच्या युगाच्या, अखेरीस मायक्युला म्यूरस ही उष्णप्रिय जाती आणि नेफ्रोलिथस फ्रीक्वेन्स ही शीतप्रिय जाती अशा दोन्ही होत्या. एखाद्या उंच अक्षांशावरील गाळात खालून वर जाताना मायक्युला म्यूरस एकाएकी दाखल झालेली दिसली, तर उष्ण पाणी ध्रुवाकडे सरकले असा अर्थ निघतो. या मार्गात आकडा हाती येत नाही, दिशा मात्र भरवशाची मिळते.

दुसरा मार्ग रासायनिक आहे, आणि मला तो या साऱ्या विषयातील सर्वांत सुंदर शोध वाटतो. कॉकोलिथ धारण करणाऱ्या शैवालांपैकी काही जाती ३७ कर्बाणूंच्या लांब साखळीची, अल्केनोन नावाची स्निग्ध द्रव्ये तयार करतात. पाणी थंड असले तर या साखळीत तीन द्विबंध असलेल्या रेणूंचे प्रमाण वाढते, उष्ण असले तर दोन द्विबंधांच्या रेणूंचे. शैवाल मरते, चुना विरघळूनही जातो, परंतु ही द्रव्ये गाळात लक्षावधी वर्षे तग धरतात. १९८६ मध्ये ब्रॅसेल, एग्लिंटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रमाणावरून प्राचीन समुद्राचे तापमान काढता येईल असे दाखवले, आणि पुढच्याच वर्षी प्राल व वेकहॅम यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या शैवालावरून त्याचे कोष्टक बसवले : दर अंशामागे निर्देशांक सुमारे ०.०३४ ने चढतो. याच रीतीने अरबी समुद्र आणि हिंदी महासागर यांतील गाळ तपासून फ्रान्समधील रोस्टेक, बार्ड, सोन्झोन्यी प्रभृतींनी १९९० च्या दशकात गेल्या हिमयुगातील आपल्या समुद्राचे तापमान काढले, आणि उष्ण कटिबंधातील हे पाणी तेव्हा आजच्यापेक्षा सुमारे दोन अंशांनीच थंड होते असा निष्कर्ष दिला.

येथे एक गंभीर मर्यादा सांगितलीच पाहिजे, कारण लोकप्रिय लेखांतून ती बहुधा गाळली जाते. पाणी सुमारे २८-२९ अंशांपर्यंत तापले की तीन द्विबंधांचे रेणू जवळजवळ नाहीसे होतात, निर्देशांक एकावर जाऊन स्थिरावतो, आणि त्यापुढे समुद्र ३० अंशांचा होता की ३४ अंशांचा, हे अल्केनोनांना सांगता येत नाही. पावसाळ्यापूर्वीचा आपला कोकणचा समुद्रच या टोकापर्यंत पोहोचतो. म्हणजे ज्या उष्ण युगांबद्दल आपल्याला जाणून घ्यावयाचे, त्याच युगांत उष्ण कटिबंधातील हे साधन मुके होते. ते बोलते ते समशीतोष्ण आणि उत्तरेकडील समुद्रांत. दुसरी अडचण अशी की, ज्या जातीवरून कोष्टक बसवले ती एमिलियानिया हक्स्लेयी पृथ्वीवर येऊन जेमतेम तीन लाख वर्षे झाली. तिच्या पूर्वजांची प्रकृती तिच्यासारखीच होती हे गृहीत धरूनच मागे जावे लागते, आणि जितके मागे जावे तितके ते गृहीत दुबळे होत जाते. म्हणून क्रिटेशसअखेरच्या तापमानासाठी एकपेशीय प्राण्यांच्या कवचांतील प्राणवायूचे समस्थानिक आणि आर्किया नामक सूक्ष्मजीवांची स्निग्ध द्रव्ये यांची साक्ष काढावी लागते, आणि शैवालाच्या साक्षीशी ती ताडून पाहावी लागते.

शैवालाचा तिसरा उपयोग तापमानाच्या कारणाकडे नेतो. प्रकाशसंश्लेषण करताना शैवाल हलका कर्ब पसंत करते, आणि पाण्यात कर्बद्विप्राणिद वायू मुबलक असेल तर ही निवड अधिक काटेकोर होते. त्यामुळे अल्केनोनांतील किंवा हरितद्रव्याच्या मोडतोडीतून उरणाऱ्या फायटेन नावाच्या द्रव्यातील कर्बाच्या समस्थानिकांवरून त्या काळच्या वातावरणातील या वायूचे प्रमाण अंदाजता येते. सुमारे ३० लाख वर्षांपूर्वीच्या प्लायोसीन काळात ते दशलक्ष भागांत ४०० च्या आसपास होते आणि पृथ्वी औद्योगिक युगापूर्वीच्या मानाने दोन-तीन अंशांनी उष्ण होती, हे आज सर्वसाधारणपणे मान्य झालेले आहे, आणि त्यात शैवालाच्या साक्षीचा वाटा मोठा आहे. सध्याचे प्रमाण ४२० च्या वर गेले आहे.

आता पोलादपूरच्या प्रश्नाकडे वळू. ट्युनिशिया, दक्षिण अटलांटिक, प्रशांत महासागर अशा दूरदूरच्या ठिकाणच्या गाळांतून एक गोष्ट निर्विवाद निघाली : संहाराच्या सीमारेषेपूर्वी सुमारे तीन लाख वर्षे पृथ्वी काही अंशांनी तापली होती, आणि उष्णप्रिय शैवाल ध्रुवांकडे सरकले होते. दख्खनच्या लाव्ह्याचा आरंभ आणि हे तापणे यांची वेळ जुळते. पण ती उष्णता सीमारेषेपूर्वीच ओसरली. पुढे सीमारेषेवर कॉकोलिथधारी शैवालांच्या नव्वद टक्क्यांहून अधिक जाती नाहीशा झाल्या, आणि तिच्यावरच्या गाळात थोरॅकोस्फेरा व पंचकोनी तबकड्यांची ब्रारुडोस्फेरा यांसारख्या, पडीक रानात प्रथम उगवणाऱ्या तणासारख्या चिवट जातींनीच समुद्र व्यापलेला दिसतो. इतका आकस्मिक नाश सावकाश चढणाऱ्या उष्णतेने व्हावा हे पटत नाही; अशनीचा आघात हेच त्याचे निकटचे कारण असावे, असे माझे मत या साक्षीवरून झाले आहे.

परंतु लाव्ह्याचा मोठा भाग आघातापूर्वी बाहेर पडला की नंतर? १९८० च्या दशकापासून धुमसत असलेल्या या वादाला फेब्रुवारी २०१९ मध्ये नवे वळण लागले, जेव्हा ‘सायन्स’ या अमेरिकन नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन प्रबंध शेजारी शेजारी प्रसिद्ध झाले. शोएन आणि सहकाऱ्यांनी त्या तांबड्या पट्ट्यांतच सापडणाऱ्या झिरकॉनच्या सूक्ष्म स्फटिकांचे वय युरेनियम-शिशाच्या रीतीने काढले. स्प्रेन आणि सहकाऱ्यांनी लाव्ह्यातील स्फटिकांचे वय आर्गॉनच्या रीतीने काढले. पहिल्या पक्षाच्या मते पोलादपूर समूहाचा प्रचंड लोट आघातापूर्वी काही दशसहस्र वर्षे बाहेर पडला, म्हणजे सीमारेषा पोलादपूर आणि आंबेनळी या समूहांच्या सांध्याजवळ पडते. दुसऱ्या पक्षाच्या मते ती बुशे आणि पोलादपूर यांच्या सांध्याजवळ पडते, आणि वरचा सारा लाव्हा, एकूण आकारमानाच्या सुमारे तीन चतुर्थांश, आघातानंतरचा ठरतो. दोन्ही पक्षांची मोजमापे काटेकोर, दोन्ही प्रामाणिक. आणि मतभेद उरला तो घाट चढणाऱ्या वाहनाला काही मिनिटे लागावीत एवढ्या उंचीच्या कातळापुरता. डायनोसॉरांच्या युगाचा शेवट पोलादपूर तालुक्याच्या डोंगरात नेमका कोणत्या वळणावर आहे, हा आज जगातील एक खराखुरा अनिर्णीत प्रश्न आहे.

या वादात समुद्राची साक्ष प्रत्यक्ष कातळाला भिडते असे एक ठिकाण भारतात आहे, आणि ते येथून सुमारे हजार किलोमीटरवर, गोदावरीच्या मुखाजवळ राजमहेंद्री येथे आहे. तेथील खाणींत दख्खनच्या लाव्ह्यांचे दोन गट आढळतात, आणि त्यांच्या मध्ये समुद्रकाठच्या उथळ पाण्यात साचलेला चुनखडीचा गाळ आहे. रासायनिक घटनेवरून खालचा लाव्हा आंबेनळी समूहाशी आणि वरचा महाबळेश्वर समूहाशी जुळतो. म्हणजे सह्याद्रीच्या बाजूला उसळलेला लाव्हा द्वीपकल्प ओलांडून पूर्व समुद्राला मिळाला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. या मधल्या गाळातील शैवालांचा अभ्यास १९३० च्या दशकात एस. आर. नारायणराव आणि के. श्रीपादराव यांनी व्हिएन्नाच्या यूलियस पिया यांच्या सहकार्याने केला, आणि नियोमेरिस, अॅसिक्युलेरिया यांसारख्या, आजही केवळ उष्ण आणि उथळ समुद्रांत वाढणाऱ्या चुनेधारी शैवालांची नोंद केली. दोन लाव्ह्यांच्या दरम्यान त्या किनाऱ्यावर उबदार, स्वच्छ, उथळ समुद्र होता, हे त्या शैवालांनीच सांगितले. पुढे २००८ मध्ये गर्टा केलर आणि सहकाऱ्यांनी याच गाळातील एकपेशीय प्राण्यांवरून तो संहारानंतर लगेच साचू लागला असे ठरवले. आंबेनळीशी जुळणारा लाव्हा या गाळाच्या खाली असल्याने हा पुरावा शोएन यांच्या पक्षाकडे झुकतो असे मला वाटते. मात्र गाळाच्या आरंभाची अचूकता काही हजार वर्षांपर्यंत नेता येत नाही, तोवर त्यावरून अंतिम फैसला करणे घाईचे होईल.

लाव्ह्याच्या आकारमानावरून वायूचे आकारमान काढण्याची सवयही येथे तपासून घेतली पाहिजे. २०२० मध्ये हल आणि सहकाऱ्यांनी जगभरचे तापमानाचे पुरावे एकत्र करून असा हिशेब मांडला की, दख्खनच्या वायूंपैकी निम्म्याहून अधिक आघाताच्या बऱ्याच आधी बाहेर पडले असावेत. स्प्रेन यांचे म्हणणे खरे मानले तर त्या वेळी लाव्हा मात्र थोडाच बाहेर आलेला होता. ही विसंगती खरी नसावी. द्रवशिला भूगर्भात साचून राहिली असताना तिच्यातील वायू भेगांवाटे आधीच निसटू शकतात. मग लाव्हा थोडा आणि वायू पुष्कळ, असा प्रकार आरंभी घडणे असंभव नाही. डोंगर किती उंच यावरून जग किती तापले हे ठरवू नये, एवढे तरी यातून नक्की निघते.

आपल्या स्वतःच्या समुद्राने या बाबतीत अद्याप फारशी मदत केलेली नाही, आणि त्यात दोष कोणाचा नाही. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरवेध उपक्रमाची ३५५ क्रमांकाची मोहीम ‘जॉइडेस रेझोल्यूशन’ या जहाजावरून अरबी समुद्रातील लक्ष्मी खोऱ्यात गेली. तिचे नेतृत्व पीटर क्लिफ्ट आणि गोव्याच्या राष्ट्रीय अंटार्क्टिक व महासागर संशोधन केंद्रातील धनंजय पांडे यांनी केले. भारताच्या किनाऱ्यापासून पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या दोन ठिकाणी तळाखाली अकराशे मीटरांपर्यंत वेध घेण्यात आला, आणि गाळाची कालगणना मुख्यतः कॉकोलिथ व इतर सूक्ष्मजीवाश्म यांवरून झाली. एका ठिकाणी वेध तळाच्या बेसाल्टपर्यंत पोहोचला. पण त्याला लागून असलेला गाळ पॅलिओसीन काळाचा, म्हणजे संहारानंतरचा निघाला. त्याच्या वर सुमारे एक कोटी आठ लाख वर्षांपूर्वी किनाऱ्याच्या उतारावरून घसरलेल्या प्रचंड दरडीचा गाळ येतो. तिला ‘नटराज’ असे नाव देण्यात आले. सह्याद्रीच्या पायथ्याशी दरडींची दहशत ठाऊक असलेल्या वाचकाला समुद्राखालच्या या दरडीचे विशेष वाटेल.

दख्खनच्या उष्णतेनंतरचे, ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे उष्ण पर्व उलगडण्यातही शैवालाच्या साक्षीचा वाटा मोठा आहे. त्या वेळी पृथ्वीचे सरासरी तापमान पाच-सहा अंशांनी चढले आणि एपेक्टोडिनियम नावाची, उपोष्ण पाण्यात वाढणारी द्विकशाभी शैवाले जगभर पसरली. २००४ मध्ये बर्फफोड्या जहाजांच्या संरक्षणात उत्तर ध्रुवाजवळ घेतलेल्या वेधात तीच शैवाले सापडली, आणि आर्क्टिक समुद्र त्या काळी २३ अंशांपर्यंत तापला होता असे तापमानाच्या इतर पुराव्यांनी सांगितले. पश्चिम भारतात सुरत जिल्ह्यातील वस्तान येथील लिग्नाइटच्या खाणीचा काळ ठरवतानाही लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील संशोधकांना याच कुलातील जीवाश्मांचा आधार झाला.

या साऱ्याचा महाड-पोलादपूरच्या वर्तमानाशी संबंध काय, असे कोणी विचारले तर उत्तर सावधपणे दिले पाहिजे. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीच्या पुराने महाड बुडाले, तळिये गावावर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही माणसे गेली. एका पुराचा हवाला जागतिक तापमानवाढीवर देता येत नाही. पण हवा एक अंश तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते, हा भौतिकशास्त्राचा नियम आहे. आणि कर्बद्विप्राणिद वायू वाढला म्हणजे समुद्र किती तापतो, याचा दीर्घ काळाचा पुरावा मानवजातीपाशी आहे तो मुख्यतः अशा प्राचीन गाळांतच आहे.

शेवटी एक विनंती. आंबेनळी घाटाचे रुंदीकरण, दरडींविरुद्धची कामे, कशेडीच्या बोगद्यासारखे खोदकाम यांतून जो ताजा कातळ उघडा पडतो तो लौकरच जाळी आणि सिमेंटच्या आड जातो, आणि तांबड्या पट्ट्या तर पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांतच झिजून वाहून जातात. काम सुरू होण्यापूर्वी बांधकाम खात्याने त्या उतारांची थराथराने छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येक तांबड्या पट्टीचा नमुना उंचीच्या नोंदीसह पिशवीत भरून जवळच्या महाविद्यालयाच्या भूगोल वा भूशास्त्र विभागाच्या स्वाधीन करावा, आणि महाड-पोलादपूरच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन त्याची यादी ठेवावी. याला खर्च जवळजवळ नाही. आणि सीमारेषा कोणत्या वळणावर आहे याचा निर्णय ज्या झिरकॉनवर होणार, तो अशाच एखाद्या पिशवीत असण्याचा संभव आहे.